माती बघून सायकल काढा: विदर्भातल्या कच्च्या वाटांवर पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

पांदणीत पहिल्यांदा अडकले तेव्हा ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. आदल्या रात्री एक सर येऊन गेलेली, सकाळी लख्ख ऊन. वर्ध्याजवळच्या सेलूच्या पुढं डांबरी सडक सोडली आणि कपाशीमधून जाणाऱ्या पांदण रस्त्याला लागले. दीडशे मीटर गेले असेन. आधी सायकल जड झाली, मग मागून कोणी धरून ठेवल्यासारखं वाटलं आणि मग चाक थांबलंच. उतरून बघते तर काळ्या मातीचा थर टायरवर चढून फ्रेमच्या बेचक्यात गच्च बसलेला. ढकलली तरी चाक फिरेना, नुसतं घासटत यायचं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा) ढीग होता, त्यातली एक काडी मोडून माती कोरून काढली. दहा पावलं गेले, पुन्हा तेच. शेवटी सायकल खांद्यावर घेतली. समोरून एक काका बैल घेऊन येत होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "बाई, दोन दिस थांबल्या असत्या त याच रस्त्यानं उडत गेल्या असत्या."

ते खरंच होतं. चौथ्या दिवशी मी त्याच पांदणीतून गेले आणि रस्ता सिमेंटसारखा टणक होता.

ग्रॅव्हल सायकलिंगची, म्हणजे कच्च्या वाटांवर सायकल चालवण्याची, बहुतेक माहिती चढ, गिअर आणि टायरबद्दल असते. आपल्याकडं चढ मोजकेच. मेळघाट सोडला तर बहुतेक ठिकाणी टेकाडंच आहेत. विदर्भात फेरी ठरते ती मातीवर. म्हणून सुरुवात तिथूनच.

आधी माती ओळखा

वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला, बुलढाणा हा सगळा पट्टा काळ्या बसाल्ट खडकाचा. त्याची झीज होऊन झालेली ती काळी कसदार माती. कपाशीला सोनं आणि सायकलीला शत्रू. पाणी प्यायली की फुगते, चिकटते; वाळली की भेगा पडतात. एप्रिल-मेमधल्या भेगा इतक्या रुंद असतात की चाळीस मिलिमीटरचं टायर त्यात सहज उतरतं. पाऊस पडून गेल्यावर काळ्या पांदणीत जायचं असेल तर तीन-चार दिवस कडक ऊन पडू द्या.

याच पट्ट्यात टेकाडांवर आणि जुन्या गाडरस्त्यांवर मुरूम असतो. तांबूस-पिवळा, दाणेदार, पाणी पटकन खाली सोडणारा. सकाळी पाऊस पडला तर दुपारी मुरुमावर सायकल घालता येते. नवख्यानं पहिले चार-पाच रस्ते मुरुमाचेच निवडावेत.

पूर्वेकडं भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत खडक बदलतो, माती लालसर-पिवळसर होते आणि कपाशीच्या जागी धान दिसायला लागतो. तिथं मातीपेक्षा पाण्याचा प्रश्न असतो. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, पाण्यानं भरलेल्या असतात, वाट धुऱ्यावरून जाते आणि धुरा म्हणजे दीड फुटाची पाळ. धान कापून होईपर्यंत त्या भागातल्या आडवाटा सोडून द्या.

नदीकाठी रेती. चाक खोल जातं, हँडल भरकटतं. तिथं वेग कमी करून, वजन मागं घेऊन, पेडल न थांबवता जायचं. जमलं नाही तर उतरून चालायचं, त्यात लाज कसली.

ओळखण्याची माझी पद्धत अगदी साधी आहे. रस्ता सोडण्याआधी उतरा, चिमूटभर माती उचला आणि बोटांत दाबा. गोळी झाली आणि बोटाला चिकटून राहिली तर मागं फिरा. भुगा झाला तर पुढं चला. नकाशावर हे कळत नाही.

आणि चाकोरी. आपण बोलताना हा शब्द सर्रास वापरतो, पण सायकलीवर बसल्यावर त्याचा खरा अर्थ कळतो. बैलगाडीच्या चाकांनी पाडलेले दोन खोल चर आणि मधे उंचवटा. चाकोरीत उतरलात तर चाकोरीतच राहा, उंचवट्यावर असाल तर उंचवट्यावर. मधेच एकातून दुसऱ्यात जायला गेलं की पुढचं चाक काठाला घासतं आणि आपण आडवे. बदलायचंच असेल तर जिथं चर उथळ होतो त्या ठिकाणाची वाट बघा. नजर चाकावर नको, चार-पाच मीटर पुढं हवी.

सायकल कोणती

नवी घ्यायलाच पाहिजे असं नाही. घरात रुंद टायरची हायब्रिड किंवा एमटीबी (माउंटन बाइक) असेल तर पहिले सहा महिने तीच चालवा. फक्त तीन गोष्टी तपासा. टायर किमान ३८ मिलिमीटर असावं, टायर आणि फ्रेममध्ये बोटभर मोकळी जागा असावी (नसली तर काय होतं ते वर सांगितलंच आहे) आणि सगळ्यात हलक्या गिअरला पुढच्या चक्रीपेक्षा मागच्या चक्रीला जास्त दाते असावेत. चिखलदऱ्याच्या घाटात या तिसऱ्या गोष्टीचं महत्त्व गुडघे समजावून सांगतात. मडगार्ड काळ्या मातीच्या दिवसांत काढून ठेवा.

हवा लोक नेहमी जास्त भरतात. साठ-सत्तर किलो वजनाच्या माणसाला ४० मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये पुढं ३० आणि मागं ३५ पीएसआयच्या आसपास पुरते. आत ट्यूब असेल तर पाच-दहा वाढवा, नाहीतर गिट्टीवर ट्यूब रिमला चेमटून फुटते.

काटे, आणि गावातलं पंक्चरचं दुकान

बाभळीचा काटा सगळ्यांना माहीत असतो. तो लांब असतो, दिसतो, टाळता येतो. खरा त्रास सराट्याचा. जमिनीलगत पसरलेली वेल, पिवळी बारीक फुलं आणि त्याखाली सगळ्या बाजूंनी टोकं असलेलं फळ. कसंही पडलं तरी एक टोक वर. पावसाळा संपला की वाळून पांदणभर विखुरतं. एका सकाळी मी एका टायरमधून अकरा सराटे काढलेत.

त्यामुळं विदर्भात फिरायचं तर ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव), यावर मी अडून बसते. ते जमत नसेल तर ट्यूबमध्येच सीलंट घाला, दोन जादा ट्यूब बाळगा. आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर आटतं. मार्च ते जून दर दोन महिन्यांनी बघा. वाटेत काटा दिसला आणि हवा जात नसेल तर तो उपटू नका. घरी आल्यावर बघू.

पंक्चरचं दुकान जवळपास प्रत्येक मोठ्या गावात सापडतं आणि तिथला माणूस बहुधा फार हुशार असतो. पण त्याचा पंप साध्या सायकलीच्या किंवा मोटारसायकलीच्या व्हॉल्व्हचा. तुमच्या सायकलीला बारीक, वरून स्क्रू असलेला प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर त्याची हवा बसत नाही. पितळेचा छोटा ॲडॉप्टर मिळतो, किंमत किरकोळ. एक सीटखालच्या पिशवीत ठेवा आणि एक पाकिटात. पिशवीतला हरवतोच.

वाट ठरवताना

घरी बसून गूगल मॅपचं सॅटेलाइट दृश्य उघडा. पिवळट, उजळ रेघ म्हणजे बहुधा मुरूम. गर्द, शेताच्याच रंगाची रेघ म्हणजे काळी पांदण. शेतात शिरून विरून जाणारी रेघ म्हणजे बैलगाडीची वाट, ती कुठंच निघत नाही. एक फसवणूक लक्षात ठेवा. चित्र उन्हाळ्यातलं असेल तर कोरड्या नदीतून जाणारी गाडवाट रस्त्यासारखी दिसते आणि नोव्हेंबरात तिथं मांडीइतकं पाणी असतं. ओढ्या-नद्यांवर पूल आहे, रपटा (पात्रातला बुटका काँक्रीटचा रस्ता) आहे की काहीच नाही, हे एकेक करून तपासा. मग मार्ग फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या. टेकड्यांच्या आड गेलं की रेंज जाते.

रपट्याबद्दल एवढंच: वरून पाणी वाहत असेल तर ओलांडू नका, पाणी घोटाभर असलं तरी. पाणी ओसरल्यावर काँक्रीटवर हिरवं शेवाळ राहतं. त्यावर ब्रेक लावू नका, हँडल वळवू नका, सरळ जा. मी उतरून चालते.

वेळेचा हिशोब बाळबोध ठेवा. डांबरीवर ताशी अठरा, मुरुमावर तेरा, पांदणीत आठ किलोमीटर. फोटो, चहा आणि पंक्चर धरून पन्नास किलोमीटरला पाच-सहा तास. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो, हे गणितात धरा.

गावात वाट विचारताना "हा रस्ता अमुक गावाला जातो का?" असं विचारू नका. उत्तर "हो" येणार, कारण सगळेच रस्ते कुठंतरी जातात. "आज सकाळी या वाटेनं बैलगाडी गेली का? मोटारसायकल गेली का?" असं विचारा. मोटारसायकल गेली असेल तर तुमची सायकल जाईल. नुसती बैलगाडीच गेली असेल तर माती दाबून बघा. नुसती माणसं गेली असतील तर सोडा.

नदीकाठच्या चांगल्या दिसणाऱ्या रुंद कच्च्या रस्त्यांपासून जपा. ते बरेचदा रेतीघाटाचे, म्हणजे नदीतली रेती उपसायच्या जागेचे असतात. रेतीचे टिप्पर तिथं सायकल बघून वेग कमी करतील अशी आशा ठेवू नका. ताजी, ओली, जोडचाकांची खूण दिसली की दुसरी वाट धरा.

शेताच्या कडेला सायकल टेकवायची सवय असेल तर मोडा. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं आत येऊ नयेत म्हणून शेताभोवती तार असते. झटका मशीनची असेल तर नुसता दणका बसेल. पण काही ठिकाणी लोक बेकायदा थेट वीज सोडतात आणि त्या तारेनं जनावरांसोबत माणसंही मेली आहेत. तार दिसली की हात लांब.

जंगल म्हणजे रस्ता नव्हे

हा भाग नवखे लोक वाचत नाहीत, म्हणून जरा लांबवते.

अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ते स्पष्ट आहे. जंगलातून जाणारा सार्वजनिक डांबरी रस्ता वेगळा आणि त्यातून फुटणारी वनविभागाची कच्ची वाट वेगळी. ग्रॅव्हल सायकलवाल्याला मोह होतो तो नेमका त्या कच्च्या वाटेचा. आडवा बांबू, साखळी, नाका, फलक यांतलं काही दिसलं की वळा. नाक्यावर माणूस नसला तरी.

कायदा बाजूला ठेवला तरी सायकल हे जंगलात वाईट वाहन आहे. आवाज नाही, वेग बेताचा, आणि वाकून बसलेला माणूस वाघ-बिबट्याला दोन पायांवरचा माणूस वाटेलच असं नाही. जंगलाजवळच्या रस्त्यावर सकाळी आठच्या आधी आणि दुपारी चारनंतर मी नसते. दोघं-तिघं सोबत असतात, बोलत जातो, घंटी वाजवतो. कानात इअरफोन घालून जाणाऱ्याला मी सोबत घेत नाही.

मार्च-एप्रिलात मोहाच्या झाडाची फुलं गळतात. पहाटे गावकरी टोपल्या घेऊन झाडाखाली असतात आणि अस्वलंही. त्या दिवसांत पहाटेची जंगलवाट नकोच. ताडोबाच्या आसपासचा आणि ब्रह्मपुरीकडचा भाग नवख्यांनी पूर्ण वगळावा. तिथं वाघांमुळं गावातली माणसंच शेतात जाताना जीव मुठीत धरून जातात. आपण हौसेखातर त्यांच्या डोक्याला आणखी एक ताप कशाला?

आणि सावलीत गवतावर अंग टाकायचं असेल तर खाली काहीतरी अंथरा, विशेषतः ऑगस्ट ते ऑक्टोबर. गवतातल्या बारीक किड्यांमुळं स्क्रब टायफस होतो. फेरीनंतर आठ-दहा दिवसांनी ताप आला तर डॉक्टरांना गवतात बसल्याचं आवर्जून सांगा.

पहिला मार्ग: सेलू ते बोरधरण

वर्ध्याहून निघायचा मोह होतो, पण नागपूर महामार्गावरच्या ट्रकांमध्ये पहिला दिवस घालवू नका. सायकल गाडीत टाकून सेलूला या. सेलू ते हिंगणी आणि पुढं बोर नदीवरचं धरण, जाऊन-येऊन तीस-पस्तीस किलोमीटर. मुख्य रस्ता डांबरी आहे. कडेनं शेतांमधून मुरुमाच्या वाटा फुटतात आणि गावाशी पुन्हा रस्त्याला येऊन मिळतात. एकेक वाट घ्यायची, पटली नाही तर डांबरीवर परत. शिकायला याहून सोपी जागा मला माहीत नाही. हिंगणीच्या पुढं जमीन उचलायला लागते, साग दाट होतो आणि हवेत गारवा येतो. धरणापाशी थांबा. पलीकडं बोर व्याघ्र प्रकल्प आहे. २०१४ साली त्याला तो दर्जा मिळाला. देशातल्या अगदी छोट्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, पण वाघाला ते सांगायला कोणी गेलेलं नाही.

महिनाभरानं हाच मार्ग सेवाग्रामपासून करा. सेवाग्राम ते पवनार गावरस्त्यांनी, धाम नदीच्या पात्रातल्या काळ्या खडकांवर थोडं बसणं, मग सेलू. पवनारचा विनोबांचा आश्रम नदीच्या काठावरच आहे. १९३८ मध्ये ते इथं राहायला आले. आश्रमात शिरताना हेल्मेट काढा आणि बुटांची टकटक दारातच ठेवा. परतीसकट ऐंशीच्या घरात अंतर जातं, तेव्हा परतीला गाडी सांगून ठेवा.

दुसरा मार्ग: वर्धा नदीच्या काठानं

आर्वीहून देऊरवाडा आणि नदी ओलांडून कौंडण्यपूर. रुक्मिणीचं माहेर म्हणून हे गाव ओळखलं जातं आणि आषाढीला इथून पालखी पंढरपूरला जाते. हा रस्ता सपाट, काळ्या मातीचा, म्हणून फक्त डिसेंबर ते फेब्रुवारी. त्या दिवसांत कापूस वेचणी चालू असते आणि गाठोडी घेऊन बायका पांदणीतून येत असतात. त्यांना वाट द्या, चाकोरी त्यांची.

तिसरा मार्ग: मेळघाट

इथं यायला घाई करू नका. आधीचे दोन्ही मार्ग न दमता झाले की या.

परतवाडा समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास आणि चिखलदरा अकराशेच्या. म्हणजे तीसेक किलोमीटरमध्ये सातशेहून जास्त मीटर चढ. वाटा दोन: धामणगाव गढीकडून किंवा घटांगमार्गे. पहिल्यांदा कुठलीही घ्या, पण डांबरीच. पावसाळ्यातला शनिवार-रविवार टाळा, धुकं आणि गाड्या एकाच वळणावर भेटतात.

चढताना पहिले पाच किलोमीटर मुद्दाम हळू जा. बोलता येईल इतकाच दम लागला पाहिजे. सुट्या मुरुमावर चढ आला तर उभं राहून पेडल मारू नका, मागचं चाक जागेवर फिरतं. बसून, कोपर वाकवून, छाती हँडलकडं नेत चढा. उतरताना उलट: बूड सीटच्या मागं, पेडल आडवे, आणि ब्रेक वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर ब्रेक आठवला तर उशीर झालेला असतो. सतत ब्रेक दाबून ठेवण्यापेक्षा दाबा-सोडा करत उतरा, म्हणजे ते तापत नाहीत.

एक दिवस वर राहा. दुसऱ्या दिवशी मोथा, आमझरीकडच्या पठारावर फिरा. कोरकू आदिवासींची गावं बघितली नसतील तर आधी ओळ दिसते: समोरासमोर दोन रांगांत घरं आणि मधे रुंद, झाडून लख्ख केलेला रस्ता. तो रस्ता म्हणजे त्यांचं अंगणच आहे. तिथून सायकल दामटू नका, उतरून चाला. गाविलगडाच्या तटापर्यंतही जाऊन या. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला मराठ्यांकडून घेतला. किल्ल्यात सायकल नको.

सेमाडोह, कोलकास, हरिसालकडं जाणारा रस्ता सिपना नदीच्या सोबतीनं जंगलातून जातो. फार सुंदर आहे. पण १९७३-७४ मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यांतला मेळघाट एक; इथं एकट्यानं, मुक्कामाची सोय न करता निघू नका. वनविभागाच्या माणसाला आधी भेटा, तो सांगेल ते ऐका.

पूर्वेला जायचं झालं तर

गोंदिया जिल्ह्यातलं नवेगाव बांध ते गोठणगाव, पुढं इटियाडोह धरण. जानेवारीत, धान निघाल्यावर. हा तलावांचा मुलूख आहे, कोहळी समाजानं बांधलेले जुने तलाव आणि असंख्य बोड्या (लहान तळी). गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत आहे. धानाच्या बांध्या ओलांडत येऊन अचानक प्रार्थनेच्या पताका दिसतात तेव्हा दोन क्षण काही कळत नाही. जंगलाचे नियम इथंही तेच.

पाणी आणि पोट

माणशी तीन लिटर पाणी घेऊन निघा, ओआरएसच्या दोन पुड्या. मार्चनंतर अकराच्या आत घरी. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत, सायकल भिंतीला. सकाळी निघताना तर्री-पोहे खाऊन चढाला लागू नका, तर्री परतीची. निघताना केळी, गूळ-शेंगदाणे. मोर्शी-वरुडकडं हिवाळ्यात संत्री रस्त्यावरच मिळतात.

घरी आल्यावर

काळी माती ओली असताना सायकल धुऊ नका, विशेषतः वॉशिंग सेंटरच्या जोराच्या पाण्यानं. ती बेअरिंगमध्ये जाऊन बसते. रात्रभर वाळू द्या, सकाळी लाकडानं ठोकली की खपल्या निघतात. मग चेन पुसून तेलाचा एकेक थेंब.

उरले काटे. टायर काढलंत तर आतून नुसतं बोट फिरवू नका, रक्त येतं. घरात कापूस असतोच. त्याचा एक बोळा घ्या आणि टायरच्या आतून हळूहळू गोल फिरवा. जिथं तंतू अडकून राहतील तिथं सराट्याचं टोक आहे.